फनेल काढणारी मुलगी नापास का झाली?

फोंडेकरीण
वेर्ण्याच्या एका औषध कंपनीत क्वालिटी कंट्रोलला आहे, अकरा वर्षं झाली. कंपनीचं नाव विचारू नका, सांगणार नाही. गेल्या महिन्यात ट्रेनी केमिस्टच्या तीन जागांच्या मुलाखती झाल्या. पॅनलवर प्लांटचे साहेब, एचआरचा एक मुलगा आणि मी. तेव्हापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये, म्हणून हा धागा.

या वेळी मी हट्टाने प्रॅक्टिकल ठेवायला लावलं होतं. साधं आम्ल-अल्कलीचं टायट्रेशन, बारावीतलं (एक द्रावण दुसऱ्यात थेंबथेंब सोडायचं आणि रंग बदलला की थांबून किती लागलं ते मोजायचं). बारा जणांनी केलं. त्यात सांगे तालुक्यातल्या पार आतल्या गावची एक मुलगी होती, सरकारी कॉलेजातून बीएस्सी झालेली. तिने ब्युरेट (आकड्यांच्या खुणा आणि खाली तोटी असलेली काचेची नळी) आधी पाण्याने आणि मग जे द्रावण भरायचं त्याच द्रावणाने विसळली. भरून झाल्यावर वरचं फनेल काढून बाजूला ठेवलं. बाकीच्या अकरांपैकी नऊ जणांनी ते तसंच राहू दिलं. (ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: फनेलच्या टोकाला थेंब लटकून असतो, तो मध्येच आत पडला की रीडिंग गेलं.) तिने गुडघ्यात वाकून डोळा पातळीच्या रेषेत आणला. फ्लास्कखाली ठेवायला पांढरा कागद मागून घेतला. शेवटी पूर्ण थेंब सोडलाच नाही. अर्धा थेंब टोकाला धरला, फ्लास्कच्या काचेला टेकवला आणि पाण्याच्या बाटलीने आत धुतला. रंग आला तो इतका फिकट गुलाबी की कागद नसता तर दिसलाही नसता. दुसरं रीडिंग लिहिताना आकडा चुकला, तर त्यावर एकच आडवी रेघ, शेजारी बरोबर आकडा, सही, तारीख. आमच्याकडे नव्या माणसाला हे अंगवळणी पडायला सहा महिने जातात.

मग मुलाखत. साहेबांनी इंग्रजीत स्वतःबद्दल सांगायला सांगितलं. दोन वाक्यं बोलून ती थांबली. साहेब मायेने कोकणीवर आले. "घरा कोण कोण आसात? बापूय कितें करता?" बाप कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत) कामाला जातो म्हणाली. "कोणाल्या कुळागरांत?" तिने नाव सांगितलं. साहेबांना त्या बागेचा भाटकार, म्हणजे मालक, माहीत निघाला. त्यानंतर तिला केमिस्ट्रीतलं एक अक्षर कोणी विचारलं नाही.

ती बाहेर गेल्यावर: "पोर बरी आहे, पण कम्युनिकेशन कमी पडतं. उद्या परदेशी ऑडिटर आला तर समोर उभी राहील का?" आता ट्रेनीला आम्ही दोन वर्षं ऑडिटरच्या वाऱ्याला उभं करत नाही, हे साहेबांनाही माहीत आहे.

खरी गंमत पुढे. मुंबईच्या हेड ऑफिसचा फतवा आहे की नव्या भरतीत निदान एक-तृतीयांश बायका हव्यात. म्हणजे तीनात एक. ती जागा पणजीच्या एका मुलीला गेली. इंग्रजी सुरेख. तिने फनेल तसंच ठेवलं होतं आणि चुकलेला आकडा गिरवून काळा केला होता. अहवालात 'विविधता उद्दिष्ट पूर्ण' असं लिहून गेलं, खाली माझीही सही आहे.

मिरामारवॉकर
ताई, म्हणजे रोग तुम्हीच सांगितलात. एक-तृतीयांशचा फतवा नसता तर तिन्ही जागा गुणांवर भरल्या असत्या. माझ्या मुलाला इंजिनीअरिंगला चांगले मार्क आहेत, दोन ठिकाणी 'या वेळी महिला उमेदवार हवी' असं तोंडावर ऐकून आलाय. त्याने काय करायचं? आणि इंग्रजी हेसुद्धा कौशल्यच आहे. तुमच्या एसओपी (काम कसं करायचं याच्या लेखी सूचना) काय कोकणीत असतात?

फोंडेकरीण
काका, फतवा नसता तर तिन्ही जागा मुलग्यांना गेल्या असत्या. त्यातल्या दोघांनीही फनेल काढलं नव्हतं. तुमच्या मुलाचं वाईट वाटतं, आणि 'महिला हवी' असं तोंडावर सांगणाऱ्याची अक्कलही दिसते.
एसओपी इंग्रजीत असतात, मान्य. मग एसओपीचं एक पान वाचायला द्यावं आणि काय समजलं ते लिहून घ्यावं. ते आम्ही केलंच नाही. 'टेल मी अबाउट युवरसेल्फ'वर कळतं ते एवढंच की हे वाक्य तुम्ही आयुष्यात आधी किती वेळा ऐकलंय.

पेडणेचो
मुलीचं आडनाव सांगा ना, म्हणजे प्रकार काय ते लगेच कळेल.

साळावली
बघा. साहेबांनी कुळागराचा मालक विचारला, तुम्ही आडनाव विचारताय.

पेडणेचो
अरे बाबा, तसा अर्थ नव्हता. चूक झाली. पण खरं सांगतो, गोव्यात कोणीही भेटला की माझ्या तोंडात पहिला प्रश्न हाच येतो.

सत्तरीमास्तर
नमस्कार मंडळी. वय झालं, टायपिंग हळू होतं, सांभाळून घ्या.
गुणवत्ता या शब्दाची गंमत मी लहानपणीच घरात बघितली. आमचे थोरले काका पणजीला सरकारी कचेरीत कारकून. पोर्तुगीज असं लिहायचे की वरचे साहेब आपली पत्रं त्यांच्याकडून तपासून घ्यायचे. गावात मान केवढा! लिसेवमध्ये, म्हणजे पोर्तुगीजांच्या सरकारी हायस्कुलात, शिकलेला माणूस. त्या काळी लिसेवमध्ये कोण जाई, हे सांगायला नको. ज्यांच्या घरी भाट (नारळाची बागायत) होतं ते. त्यांच्या जमिनीवर राहणारे मुंडकार पोरं घेऊन भाटातच.
१९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. मी तेव्हा तेरा वर्षांचा. त्यानंतर थोड्याच दिवसांत काकांची सगळी विद्या कुचकामी झाली. कचेरीत इंग्रजी आलं. शाळांत मराठी, कोकणी, इंग्रजी आली. पंचेचाळीसाव्या वर्षी काका म्हापशाला टायपिंगच्या क्लासला, पोरांच्या शेजारी बसून 'एएसडीएफ' बडवत. नवीन साहेब त्यांना 'वीक' म्हणाला. डोकं तेच, हात तेच, माणूस तोच. मोजणारा बदलला.
पुढे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या सरकारने गावोगाव मराठी प्राथमिक शाळा काढल्या. मी त्यातल्याच एका शाळेत सत्तरीत मास्तर झालो. पहिल्या वर्षी माझ्या वर्गात बावीस पोरं होती, त्यातल्या एकोणीस जणांच्या घरात सही करता येणारं माणूस नव्हतं. यातली किती पोरं 'वीक' होती, हे मला विचारा. आंब्याच्या झाडावर चढून फळ हेरणाऱ्या पोराला मी बेरजेत नापास केलंय. आज तो पंपाच्या दुरुस्तीचा धंदा करतो आणि माझी मोटर बंद पडली की पैसे घेत नाही.

कुंडईची लेथवाली
मास्तर _/\_
मी मिरामारवॉकर काकांना दुसऱ्या बाजूने उत्तर देते, कारण मी स्वतः त्या फतव्यातून लागलेली आहे. पॉलिटेक्निकचा डिप्लोमा, मशीन शॉप. पहिलं वर्षभर शॉपमध्ये माझं नाव 'टार्गेट'. "टार्गेटला विचार", "टार्गेट कुठे गेली?" माझ्या बॅचचा मुलगा माझ्याबरोबरच लागला, त्याला कोणी विचारलं नाही की तू कसा लागलास. तो मॅनेजरच्या साडूचा मुलगा होता, पण त्याला कोटा म्हणत नाहीत, ओळख म्हणतात.
दुसरी गोष्ट बाथरूमची. शॉपमध्ये बायकांचं नव्हतंच. १९४८ च्या कारखाना कायद्यात कलम १९ मध्ये स्त्री-पुरुषांची वेगळी सोय असलीच पाहिजे असं स्पष्ट होतं, पण आमच्याकडे ती ऑफिसच्या इमारतीत, आवार ओलांडून. सुपरवायझर माझी जाण्यायेण्याची मिनिटं मोजायचा. वर्षाच्या शेवटी शेरा काय, तर 'मशीनवरची उपस्थिती कमी'. मी पाणी पिणं कमी केलं. मूतखडा झाला. मग सोय झाली. आता शॉपमध्ये आम्ही पाच जणी आहोत आणि शेऱ्यात ते वाक्य कोणाच्याच नाही.

मिरामारवॉकर
हे वाचून गप्प बसलो. तरी साडूचा मुलगा आणि कोटा, दोन्ही नकोत हेच माझं म्हणणं आहे.

आकडेबाज
भरतीच्या पद्धतींवर शंभरेक वर्षांचे अभ्यास आहेत, थोडक्यात सांगतो. १९९८ साली श्मिट आणि हंटर यांनी आधीच्या ८५ वर्षांच्या संशोधनाची गोळाबेरीज केली होती. २०२२ मध्ये सॅकेट आणि सहकाऱ्यांनी तीच आकडेमोड पुन्हा तपासली आणि बरेच जुने आकडे खाली आणले. पुढे माणूस काम कसं करतो, याच्याशी निवडपद्धतीचा संबंध किती? (० म्हणजे काहीच नाही, १ म्हणजे पूर्ण.) सगळ्यांना तेच प्रश्न, ठरलेले गुण, अशी आखीव मुलाखत: ०.४२. कामाचा नमुना करून घेणं: ०.३३. गप्पा मारल्यासारखी मोकळी मुलाखत: ०.१९. म्हणजे साहेबांची पद्धत तळाशी. पण फोंडेकरीणताई, तुमचं टायट्रेशनही फार डोक्यावर घेऊ नका, आखीव मुलाखतीच्या ते मागे आहे. दोन्ही लागतं.
आडनावाचं म्हणाल तर २००७ साली सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी भारतातल्या खाजगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले, फरक फक्त नावात. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत पुढचं बोलावणं येण्याची शक्यता दलित नावाला साधारण दोन-तृतीयांश आणि मुस्लिम नावाला एक-तृतीयांश निघाली. तिथे तर प्रॅक्टिकलपर्यंतही कोणी पोचलं नव्हतं.

साळावली
मी त्याच बाजूचा, सांगेतला. गावडा. आमचा समाज, कुणबी आणि वेळीप अनुसूचित जमातीत आले ते २००३ साली. मला सरकारी नोकरी १२ टक्क्यांतून मिळाली, लपवत नाही. माझ्या बापाला वेगळं काही मिळालं नव्हतं म्हणून तो हुशार नव्हता असं कोणी म्हणू नये, धरणाच्या कामावर तो लेव्हल न लावता उतार सांगायचा.
खात्यात अजून ऐकतो, "तुमका बरें, आरक्षण आसा." माझ्याच वर्षी आमच्यातली एक मुलगी खुल्या यादीत मार्कांवर आली. तिची जागा खुल्यातच धरतात, राखीव जागेतून नाही. हे इतक्या लोकांना माहीत नाही की तिलाही तेच टोमणे. म्हणजे मार्क मिळवून काय उपयोग झाला?
पण या धाग्यावर मला दुसरंच सांगायचंय. ती मुलगी लागली असती तरी पहिल्या पाळीला पोचली असती का? आमच्या वाड्यावरून पहिली बस मडगावला पोचते तोवर वेर्ण्यात सातची पाळी सुरू होऊन गेलेली असते. मुलाखतीत 'शिफ्टला यायची तयारी आहे का?' विचारतात. पोरं हो म्हणतात आणि तीन महिन्यांत सोडतात. मग कंपनी म्हणते आतल्या गावची पोरं टिकत नाहीत.

फोंडेकरीण
हे आमच्या पॅनलवर एकदाही आलं नाही. अगदी खरं सांगते, माझ्याही मनात आलं नाही. मी फोंड्याहून कंपनीच्या बसने येते.

दोडामार्गचा
मी महाराष्ट्राच्या हद्दीतला, पण रोज डिचोलीला कामाला. पाच वाजता उठून बाईक काढतो. आजी म्हापशाची, बायको साखळीची, आजारी पडलो की बांबोळीचं सरकारी हॉस्पिटल. जाहिरात मात्र 'गोमंतकीयांनाच प्राधान्य'. मी कुठल्या रकान्यात?

पेडणेचो
दादा, तुझं दुखणं कळतं. पण मोपाच्या विमानतळाला जमीन आमची गेली. जानेवारी २०२३ मध्ये विमानं उडायला लागली तेव्हा आमच्या पोरांना वाटलं आता दारात नोकरी. मिळाली ती बरीचशी सामान उचलायची आणि झाडलोटीची. चांगल्या जागांची जाहिरात आम्हाला कळेपर्यंत माणसं रुजू झालेली. २०२४ मध्ये गोव्यातल्या कारखान्यासाठी मुलाखती पार महाराष्ट्रात बोयसरला ठेवल्या होत्या, आठवतंय ना केवढा गदारोळ झाला? आमची पोरं नापास झाली तर एक वेळ सोसू. त्यांना बसूच दिलं नाही.

वकीलबाब
कायद्याचं थोडं, कारण सगळं एकात एक मिसळतंय.
राज्यघटनेचं कलम १६(४) सरकारी नोकऱ्यांपुरतं, खाजगी कंपनीला जातीचं आरक्षण लागू नाही. कलम १६(२) प्रमाणे सरकारी नोकरीत जन्मस्थान किंवा रहिवास यावरून भेद करता येत नाही आणि रहिवासाची अट घालायचा अधिकार १६(३) ने फक्त संसदेला दिलाय. खाजगी नोकऱ्यांत स्थानिकांना ७५ टक्के राखणारा हरयाणाचा कायदा तिथल्या उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये रद्द केला. तेव्हा 'भायल्यांना (बाहेरच्यांना) बंदी' ही मागणी सभेत टाळ्या घेते, कोर्टात अडकते. बोयसरसोबत वेर्ण्यातही मुलाखती घ्या, ही मागणी कुठेच अडकत नाही.
बाई म्हणून भरतीत डावलणं १९७६ च्या समान मोबदला कायद्यापासून बेकायदा आहे, आता ते वेतन संहितेत आलंय. आणि अपंगांच्या २०१६ च्या कायद्याचं कलम २१ खाजगी आस्थापनांनाही लागू आहे, समान संधीचं धोरण करावंच लागतं. ताई, तुमच्या कंपनीत ते कुठे लावलंय, बघा तरी.

फोंडेकरीण
बघितलं. कॅन्टीनजवळच्या फलकावर आहे. पुढे फ्रीज उभा आहे.

चाकांवरून
वकीलबाब, त्याच कायद्याने सरकारी नोकरीतला अपंगांचा वाटा ३ चा ४ टक्के झाला, त्यातून मी लागलो. व्हीलचेअर वापरतो. ऑफिस कुठलं ते सोडा. लेखी परीक्षेत वर होतो, रुजू झालो तर माझा विभाग पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही. साहेब भला माणूस. म्हणाला, "तू खालीच बस, आवक-जावक बघ." चार वर्षं आवक-जावक बघतोय. हिशेबाची परीक्षा पास आहे, पण हिशेबाच्या फायली वर आहेत.
जानेवारी २०२३ मध्ये पणजीत अपंगांचा महोत्सव, पहिला पर्पल फेस्ट, झाला तेव्हा गेलो होतो. रॅम्प, खुणांच्या भाषेचे दुभाषे, सगळीकडे मोकळा फिरलो, आयुष्यात पहिल्यांदा कोणाला 'जरा उचला हो' म्हणावं लागलं नाही. सोमवारी ऑफिसला आलो. पायऱ्या तेवढ्याच होत्या, मोजल्या. सतरा.
बढतीच्या वेळी विचारलं, हिशेबाचा अनुभव किती?

मिरामारवॉकर
कोटा दिला आणि फाईल वरच ठेवली. हे मी कधी या बाजूने बघितलं नव्हतं.
पण एक सांगा, सरकारीत तरी मुलाखत काढून टाकली हे बरं झालं ना? केंद्राने १ जानेवारी २०१६ पासून खालच्या पदांच्या मुलाखती बंद केल्या. गोव्यात २०१९ च्या कायद्याने कर्मचारी निवड आयोग आला, संगणकावर परीक्षा. वशिल्याला जागाच नाही.

साळावली
२०२४ च्या शेवटी नोकरी देतो म्हणून पैसे घेतल्याच्या तक्रारी एकामागून एक पोलिसांत गेल्या, त्या याच गोव्यात ना? लोकांनी दागिने मोडून पैसे दिले. परीक्षेवर कोणाचा विश्वासच नव्हता म्हणून दिले. पण आयोग आला ते बरं झालं, त्यात वाद नाही. माझ्या धाकट्या भावाला परीक्षा झाल्यावर लगेच मार्क कळले. मला यादीसाठी आठ महिने पणजीच्या खेपा घालाव्या लागल्या होत्या.

(पाच आठवड्यांनंतर)

फोंडेकरीण
धागा वर काढते. घेतलेल्या दोन मुलांपैकी एक महिन्यातच बंगळूरला गेला. जागा रिकामी झाली आणि रात्रपाळीसाठी आणखी एक निघाली. मी साहेबांशी भांडले नाही. मास्तरांच्या काकांची गोष्ट सांगितली. साहेबांचे वडीलही लिसेववाले निघाले. बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "एक फावट करून पळोवया." (एकदा करून बघूया.)
या वेळी असं केलं: अर्जावरचा वडिलांच्या व्यवसायाचा रकाना काढला. नावाच्या जागी क्रमांक. सगळ्यांना तेच पाच प्रश्न, ज्या भाषेत जमेल त्या भाषेत उत्तर. इंग्रजीसाठी एसओपीचं पान वाचायचं आणि एक चूक झाली असं धरून तिची नोंद लिहायची. तिघांनी गुण आधी कागदावर लिहायचे, मग बोलायचं. एचआरचा मुलगा कुरकुरला की वेळ जातो. गेलाच, सहाऐवजी साडेआठ वाजले.
सांग्याच्या मुलीला परत बोलावलं. ती एव्हाना सावर्ड्याला औषधांच्या दुकानात लागली होती, पहिल्यांदा फोनच उचलला नाही.
निकाल: पहिला आला दोडामार्गचा एक मुलगा (आपला दोडामार्गचा नव्हे, विचारून घेतलं). ती दुसरी. तिच्या इंग्रजी नोंदीत व्याकरणाच्या चुका होत्या, पण काय बिघडलं, कधी कळलं, कोणाला सांगितलं, तिन्ही होतं. साहेबांना आता वेगळीच काळजी, 'पहिला आला तो भायला, वर काय सांगू?' मी म्हटलं, गुणपत्रक दाखवा.
पणजीच्या मुलीबद्दलही लिहायला हवं, मी तिच्यावर जरा अन्याय केला. ती महिनाभरात फनेल काढायला शिकली. कोणी सांगितलं नव्हतं एवढंच. तिला लॅबमध्ये 'कोट्यातली' म्हणतात हे लेथवालीची पोस्ट वाचल्यावर माझ्या कानाला टोचायला लागलं, त्याआधी मीही हसत होते.

कुंडईची लेथवाली
तिला आमच्या कॅन्टीनला एकदा घेऊन ये. टार्गेटने बोलावलंय म्हणून सांग.

मिरामारवॉकर
क्रमांकाची पद्धत चांगली. मुलाला सांगितलं, पुढच्या वेळी अर्ज कर म्हणून. पास-नापास त्याचं तो बघेल.

साळावली
अभिनंदन. आता कामाचं बोला. मुलीला पाळी कुठली आणि कंपनीची बस कुठवर येते?

फोंडेकरीण
पहिली पाळी. बस केप्याहून सुटते. तिळामळपर्यंत न्यायला वाहतूकवाला तयार आहे, पण म्हणतो निदान चार माणसं हवीत. सध्या ती एकटी.

साळावली
रिवणहून दोघे वेर्ण्यालाच जातात, दुसऱ्या कंपनीत. त्यांना विचारतो. पण बस तिळामळला नक्की किती वाजता येणार ते लिहून घ्या. तिला तिथवर बाईकवर सोडायला भाऊ आहे, तो काजूच्या दिवसांत पहाटेच डोंगरावर जातो.